रवंथ न करणाऱ्या नऊ गायी

१. रविवारी सकाळी गंगापूर रोडवरून स्कूटरने निघाले. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांमधल्या एका घरगुती मुक्कामी उतरले.
२. दुपारी आम्ही पाहुण्यांनी तिथल्या नऊ गायींना गोग्रास दिला. मी दोन पोळ्या दिल्या.
३. सोमवारी सकाळी त्यांतली एकही गाय रवंथ करत नव्हती.

रस्ता चांगला आहे, शेवटचे तीन किलोमीटर कच्चे. खोली जेवणासह बाराशे. भाकरी आणि ठेचा उत्तम. गोग्रास हेच इथलं आकर्षण. शहरातून आलेल्या गाड्यांतून पोळ्या, गूळ, कालच्या समारंभातला भात उतरत होता. "अजून एक घे गं माझे आई," एक काका तांबू नावाच्या गायीला म्हणत होते. "ती कधीच थांबली, तुम्हीच थांबत नाही," काकू म्हणाल्या.

मी पशुखाद्य तपासणीचं काम करते, म्हणून पहाटे गोठ्यात गेले. एरवी गोठ्यात संथ चघळण्याचा आवाज असतो. तो नव्हता. नऊ जबडे बंद, नऊ तोंडं दाराकडे. शेण पातळ, बुडबुड्यांचं, वास आंबलेल्या पिठाचा. तांबू फरशी तापल्यासारखी एकेक पाय उचलत होती.

मालकीण मंदाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "दर सोमवारी असंच. डेअरीत फॅट पडते, दर पडतो. सासूबाई म्हणतात, गोठ्यात काहीतरी येतं."
"कधी?"
"रविवारी. शनिवारपर्यंत सगळं बेस असतं."
"ताई, येतो ते आम्हीच."

मी सांगितलं: पोळी, भात, गूळ एकदम पोटात गेलं की पोट आंबतं. रवंथ थांबतो, दुधाची फॅट उतरते, खुरं दुखतात. डॉक्टर खायचा सोडा देतात, गाय सावरते, आणि पुन्हा रविवार येतो.

"गोग्रासानं बाधतंय व्हय, म्याडम? लय पुण्याचं काम हाय ते. अन् जो तो म्हणतो, मी एवढुसंच घातलं." त्यांनी तांबूच्या पाठीवर हात ठेवला. "घर अपशकुनी झालंय म्हणून सासूबाई सगळ्याच गायी काढा म्हणतात. शनिवारी व्यापारी येतोय. कुणी किती घातलं ते पाहुण्यांनीच सांगितलं, तर सासूबाईंना दाखवीन."

घरी आले तरी ती शांतता कानातून जात नाही. माझ्याकडे आकडा फक्त माझ्या दोन पोळ्यांचा आहे.

गेल्या तीन रविवारी तांबूच्या गोठ्यात गेला असाल, तर काय आणि किती खाऊ घातलंत ते खाली लिहा. दोष द्यायचा नाही, बेरीज करायची आहे. उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवं.