ज्याची तक्रार, त्याचीच कमिटी

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. गच्चीवरच्या टाकीत गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात आणि एखाद्या दिवशी नळाला येतात. पनवेलमधल्या आमच्या चार बिल्डिंगांच्या रहिवासी संघाची मी सहा वर्षं चिटणीस आहे. म्हणजे माझ्या टाकीचं काय झालं असेल बघा!

सगळ्याला कारण एक नियम. आमचे अध्यक्ष पाटीलदादा इथले मूळचे. बिल्डिंगा उभ्या आहेत ती जमीन त्यांच्या आज्याची. एका सभेत लोकांनी दोन तास नुसत्या तक्रारी केल्या, तेव्हा दादांनी टेबलावर हात आपटला. "आजपासून रूल! ज्याची तक्रार, त्याचीच कमिटी. आमी काय सगल्यांची धुनी धुवायला बसलाव नाय!"

तक्रारी निम्म्यावर आल्या. उरलेल्यांचे किस्से झाले.

* * *

पहिला बळी मुकादमचाचा. कुवेतला अर्धी हयात काढून आलेला माणूस. त्यांची तक्रार होती, नव्या विमानतळाची विमानं डोक्यावरून जातात आणि दुपारची झोप हराम होते. लगेच झाले विमान-आवाज कमिटीचे प्रमुख!

चाचांनी मोबाइलमध्ये विमानांचं ॲप घेतलं आणि गच्चीत खुर्ची टाकून अभ्यास सुरू केला. महिन्याने सभेत मी अहवाल मागितला.

चाचा म्हणाले, "आवाजाचं काय करायचं ते अल्ला जाणे. पण ताई, आज दिल्लीवालं चाळीस मिनिटं लेट आहे. माझा जीव टांगणीला लागलाय!"

हल्ली जिन्यात बायका त्यांना विचारतात, "चाचा, बेंगलोर गेलं का? कुकर लावायचा होता."

* * *

दुसरा किस्सा प्रधानबाईंचा. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून प्रार्थनेच्या मैदानातला. आवारातली जास्वंदीची फुलं रोज पहाटे कोणीतरी चोरतं, अशी त्यांची तक्रार. झाली फूल-चोरी कमिटी. बाईंनी वॉचमनला बाजूला बसवून सीसीटीव्हीचं फुटेज स्वतः तपासलं.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत त्यांच्या वळणदार अक्षरात तीन वाक्यं होती. "चोर सापडला. नाव देण्याची आवश्यकता नाही. कमिटी बरखास्त."

बाईंचे यजमान प्रधानसर मात्र आठवडाभर बिनसाखरेचा चहा पीत होते. बिचारे म्हणाले, "हिला रोज पूजेला ताजी फुलं लागतात. मला वाटलं, हिला माहीत आहे!"

* * *

पाटीलदादाही सुटले नाहीत. "सभा लय लांबतात," असं एकदा त्यांच्याच तोंडून निघून गेलं. मी तत्परतेने लिहून घेतलं.

सभा आटोपशीर करण्याच्या कमिटीच्या आजवर पाच सभा झाल्या आहेत.

* * *

इथवर हसण्यावारी होतं. मग सबनीस राहायला आले.

सबनीस सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन नगरहून मुलाकडे आलेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत फाइल. आमच्या गेटजवळ करंजाच्या झाडाखाली चांगुणा बसते, डोंगराकडच्या वाडीवरची कातकरीण. मिरगाच्या आधी ती शेवळं आणते, आणि सोबत मूठभर काकडं. शेवळं म्हणजे रानातले कोंब. ते काकडांच्या आंबट फळांशिवाय शिजवले तर घसा असा खाजतो की विचारू नका. पनवेलात हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. नगरला नाही!

सबनीसांनी मोबाइलवर बघून स्वतःच्या हाताने भाजी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चार पानी टाइप केलेला अर्ज. "सदर महिलेने विषारी वनस्पतीची विक्री केली असून..."

सभेत दादांनी एकच प्रश्न विचारला. "सायेब, काकडं घातली व्हती काय?"

"ती कच्ची फळं? फेकून दिली."

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि तिथेच चुकलं. सबनीसांचा चेहरा लालबुंद झाला. "हसून घ्या! तिच्याकडे परवाना नाही, रस्ता अडतो, कचरा होतो. तिला तिथून हटवा!"

दादांचा नियम दादांच्याच गळ्यात. कमिटी सबनीसांची.

आमच्या इतर कमिट्या म्हणजे बोलाची कढी. पण हा माणूस खरोखर काम करणारा होता! अर्ज कुठे द्यायचा, कोणाची सही लागते, सगळं त्याला तोंडपाठ. चांगुणाच्या दोन मुली आश्रमशाळेत, नवरा वीटभट्टीवर. ती जागा गेली तर ती जाणार कुठे?

* * *

सकाळी सबनीस स्थळ-पाहणीला निघाले. चिटणीस म्हणून मला सोबत जावं लागलं.

"इथे कधीपासून बसता?"

"ही बिल्डिंग नव्हती, शेत व्हतं, तवा माजी आय बसायची."

सबनीसांनी लिहून घेतलं. मग नोटीस काढली. आठ दिवसांत जागा रिकामी करावी. "मला वाचता येत नाय सायेब," चांगुणा म्हणाली, तेव्हा त्यांनी ती उभ्या उभ्या मोठ्याने वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकली.

मग विचारलं, "घसा बरा हाय का आता?"

तिने पदराच्या गाठीतून चिंचेचं बुटुक काढलं आणि पुढे केलं. "चोखा. खाज जाते. माजंच चुकलं, तुमी परगावचे, सांगाया पायजे व्हतं."

"कारवाई चालू असताना भेटवस्तू स्वीकारता येत नाही," सबनीस म्हणाले. पण जिन्याच्या वळणावर त्यांचा गाल फुगलेला मी पाहिला!

त्यानंतर ते रोज पाहणीला जायला लागले. फाइल घेऊन, अगदी वेळेवर. काय चाललंय ते विचारायची कोणाची हिंमत होईना. मुकादमचाचा गच्चीवरून बघायचे आणि सांगायचे, "आज अर्धा तास. उभाच होता." पुढच्या दिवशी, "आज पाऊण तास. बसला होता."

* * *

आठव्या दिवशी मी जड पायांनी खाली उतरले. झाडाखाली चांगुणा नव्हती. मला रडू यायचं तेवढं राहिलं.

आणि मग गोणपाट दिसलं. त्यावर मांडी घालून सबनीस बसले होते! खिशात दोन पेनं, शेवळांच्या जुड्या उंचीप्रमाणे सरळ रांगेत लावलेल्या, आजूबाजूला देठाचा तुकडासुद्धा नाही. समोर प्रधानबाई, दादा आणि चाचा रांगेत उभे.

"चांगुणा कुठे आहे?" मी विचारलं.

"मुलीच्या दाखल्यासाठी गेल्या आहेत. अर्ज मीच लिहून दिला."

"आणि सबनीस साहेब, नोटिशीची मुदत... आज संपते ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फाइलमधून नोटिशीचं टाइप केलेलं पान काढलं, त्यात एक जुडी नीट गुंडाळली आणि वर मोजून काकडं ठेवली.

"काकडांशिवाय शेवळं मिळणार नाहीत," ते म्हणाले. "आणि ताई, रांगेत या."