पोट साफ झालं का?

मोहाडीला आमच्या घरी सकाळचा पहिला प्रश्न हाच असायचा. बाबा हातमागावर लुगडी विणायचे, आणि कंपवात सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांना बद्धकोष्ठाचा त्रास. संडासात तास तास बसायचे. मी कॉलेजच्या घाईत बाहेरून ओरडायची, "बाबा, अंदर माग मांडला का जी?" सगळे हसायचे. मीच जास्त.

पुढे हात थरथरू लागले, धागा सुटू लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी पोटाचंच विचारलं. म्हणाले, काही जणांत हा आजार आतड्यात सुरू होऊन मेंदूकडे जात असावा. तिथल्या जंतूंचा त्यात हात असेल, पण नक्की कुणालाच ठाऊक नाही. काही जंतू म्हणे औषधही वाटेतच फस्त करतात. मी चिडून विचारलं, "मग ठाऊक आहे तरी काय?" ते बिचारे गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागले.

आम्हाला एवढंच कळायचं, की पोट साफ झालं तर गोळी लागू पडते. मग तासभर जुने बाबा परत यायचे, बोलायचे, चेष्टा करायचे. एरवी चेहरा कोरा. त्या तासासाठी माझा जीव तुटायचा.

एकदा मी पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी गेले. पहिला दिवस वायाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी वरठी स्टेशनाहून माझी गाडी होती, आणि सकाळपासून मी संडासाच्या दाराकडे कान लावून! शेवटी आई ओरडली, "झालं वं, बाई!" लगेच गोळी दिली. पाऊण तासानं बाबा आपले आपण उठले. म्हटलं, आता बसतील, पोटभर बोलतील.

तर हे चप्पल शोधून राहिले!

"कुठं निघाले जी?"

"तुले स्टँडवर सोडून देतो."

"बाबा, बसा नं! मले बोलायचं आहे तुमच्यासंग."

"गाडी सुटन नं मंग. चाल."

बॅगही त्यांनीच उचलली. मी वाटभर कटकट करत गेले. हळू चाला, बॅग द्या इकडे, पडसान न! ते आपले हसत काहीतरी सांगत होते, कुणाच्या तरी मागाचं. माझं लक्षच नव्हतं. तुमसरहून वरठीकडे जाणारी बस दिसली, तेवढ्यात गोळीचा तास सरला आणि त्यांची पावलं जागीच अडकली. आई मागून येतच होती, तिनं धरलं. मी बसमध्ये चढले.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या वाटेवर ते काय सांगत होते, ते मी आईला कितीदा विचारलं. ती मागे होती, तिलाही ऐकू आलं नव्हतं.