टेलरबाईंची भीती

आमच्या टेलरबाईंइतकं घाबरट माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. पाल दिसली की बाई खोलीबाहेर. गॅसवर कुकर चढवला की तीन शिट्ट्या होईपर्यंत त्या अंगणात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक शिट्टीला नव्यानं दचकायच्या. वीज कडाडली की मशीन थांबवून दोन्ही कानांवर हात. आमच्या शिवरे गावात त्यांचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर, पण रस्ता ओलांडायचा म्हटलं की कुणाचा तरी हात धरल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. बालवाडीतल्या पोरीचा हात धरून रस्ता ओलांडताना मी त्यांना पाहिलं आहे. आणि यातलं त्या काहीही लपवायच्या नाहीत. "मला भीती वाटते," हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणायच्या, जसं दुसरी एखादी 'मला तहान लागली' म्हणते.

बाई मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. नवरा वरव्याजवळच्या एका कारखान्यात कामाला होता म्हणून इकडे आल्या. नवरा हृदयविकारानं गेला, एकुलती मुलगी शीला नाशिकला नोकरीला लागली, पण बाई आमच्या आळीतल्या त्या दोन खोल्यांतच राहिल्या. पुढच्या खोलीत शिलाईमशीन, मागे स्वयंपाक आणि त्याच्याही मागे मोरी. रविवारी सकाळची एसटी धरून त्या पुण्याला उपासनेला जायच्या. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच.

माझं माहेर हिर्डोशीचं. रान तुडवत, ओढे ओलांडत शाळेला जाणारी पोर मी. पण लग्न होऊन शिवऱ्याला आले आणि सासूबाईंच्या नजरेनंही मला घाम फुटायला लागला. ब्लाउज शिवायला शिकावं म्हणून सासूबाईंनीच मला टेलरबाईंकडे धाडलं. शिकून झालं तरी मी जातच राहिले. हुक, काजं, साडीचे फॉल माझ्याकडे. बेतणं आणि शिवणं बाईंकडे. दुपारचे ते दोन तास मी मोकळा श्वास घ्यायचे.

कापडाला कात्री लावण्याआधी बाई डोळे मिटून प्रार्थना करायच्या. मला वाटायचं, ही ख्रिस्ती लोकांची रीत असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "रीत कसली? लोकांचं कापड असतं गं. चुकलं तर? माझे हात कापतात." उरलेला तुकडा, मग तो चार बोटांचा का असेना, ब्लाउजच्या घडीत परत जायचा. आणि शिंप्याचं ते नेहमीचं 'उद्या या' त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्या सांगायच्या, "गुरुवारी होणार नाही. शनिवारी दुपारी होईल." बाया चिडायच्या, पण शनिवारी दुपारी ब्लाउज तयार असायचा.

शपथ त्या घ्यायच्या नाहीत. आमच्याकडे भाजी ताजी आहे एवढं सांगतानाही माणूस गळ्याला चिमटा काढून 'आईशप्पथ' म्हणतो. बाई म्हणायच्या, "आमच्या प्रभूनं सांगून ठेवलंय, हो असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा. वर शपथ कशाला?" संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला त्या यायच्या, आणि उंबऱ्यातच सांगून टाकायच्या, "मी कुंकू लावत नाही, रागावू नका. तिळगूळ द्या." हे सांगतानाही त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असायचा. सासूबाई एकदा हसून म्हणाल्या, "एवढं भ्यायचं तर बोलायचं कशाला? गुपचूप लावून घ्यावं, घरी जाऊन पुसावं." बाई म्हणाल्या, "पुसताना त्याहून जास्त भीती वाटेल."

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. मग ती दुपार आली.

लग्नसराई होती. आम्ही दोघी एका नवरीचे ब्लाउज उरकत बसलो होतो. हायवेवरून ब्रेकचा लांबलचक कर्कश आवाज आला, पाठोपाठ धाडकन काहीतरी आपटलं. बाईंच्या हातातली कात्री खाली पडली. आम्ही उठून दारापर्यंत येतो न येतो तोच गल्लीतून एक पोरगा धावत आला आणि आम्हाला ढकलत सरळ आत शिरला. बावीस-तेवीसचा असेल. एका पायात चप्पल नव्हती.

"मावशी, लपवा मला. मारून टाकतील."

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"माणसाला टेम्पो लागला. मोबाईल बघत होतो मी. एकच सेकंद बघितलं, मावशी."

"तो माणूस जिवंत आहे का?"

"माहीत न्हाई," म्हणून तो रडायलाच लागला.

बाईंनी मला ॲम्ब्युलन्सला आणि पोलिसांना फोन करायला सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या हातात मोबाईल धरवेना. त्यांनी त्या पोराला मागे मोरीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि भिंत धरत धरत पुढच्या खोलीत आल्या. तोवर गल्लीत आरडाओरडा सुरू झाला होता. कुणीतरी त्याला वळताना पाहिलं होतं.

मी त्यांच्या कानाशी लागले. "बाई, मागनं पळाला म्हणून सांगा. लोकं निघून जातील."

"मला खोटं बोलता येत नाही, मंदा."

"अवो, जिवावर बेतलंय!"

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

आठ-दहा माणसं दारात आली. सगळ्यांत पुढे माझे मालक. हातात बैलगाडीचं शिवळ होतं. असं लाकूड हातात घेतलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला तिथं बघून ते थबकले.

"तू हितं? आत हाय का त्यो? संत्याला उडवलंय त्यानं!"

संतोष म्हणजे माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हा ते बारावीत होते. माझ्या हातची भाकरी पहिल्यांदा त्यांनीच गोड म्हणून खाल्ली. खरं सांगते, त्या क्षणी माझं भय कुठल्या कुठे गेलं आणि मला एवढंच सुचलं की मागे जावं, मोरीची कडी काढावी आणि त्या पोराला यांच्या हवाली करावं. मी वळलेसुद्धा. बाईंनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, त्यांची बोटं नुसती थरथरत होती. एका झटक्यात मला हात सोडवता आला असता. का कोण जाणे, मी सोडवला नाही.

"बाई, आत हाय का?" मालकांनी पुन्हा विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "आत आहे. पण मी त्याला देणार नाही."

"बाजूला व्हा."

"मला फार भीती वाटते, दादा. तुम्ही ढकललंत तर मी पडेन, माझ्यात काही जोर नाही. पण मी आपण होऊन बाजूला होणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बगता काय, वढा तिला!" पत्र्यावर एक दगड आदळला. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि मग मी पाहिलं, मालकांनीही पाहिलं. बाईंच्या पातळाचा काठ ओला होत होता. उंबऱ्यावर पाणी साचलं होतं. भीतीनं त्यांना कपड्यांतच लघवी झाली होती. तशाही त्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. मी कान दिला. "संतोष वाचू दे. प्रभू, संतोष वाचू दे. ह्या पोरालाही वाचू दे."

मालकांनी मान खाली घातली. शिवळ भिंतीला टेकवलं आणि मागच्या लोकांकडे तोंड करून ते दारातच उभे राहिले. पोलिसांची गाडी येईपर्यंत कुणी पुढे आलं नाही. पुढे कधीतरी ते मला म्हणाले, "बाई न्हाई म्हणाल्या असत्या ना, तर म्या दार फोडून आत गेलो असतो. हाय म्हणाल्या आन् माझे हातच गळाले."

संतोषभावजी वाचले. मांडीचं आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. आठ महिने अंथरुणाला खिळले. इकडे पोलिसांनी बाईंचा जबाब घेतला, तर बाईंनी तोही जसाच्या तसा दिला: मोबाईल बघत होतो, असं त्या पोरानं आपल्याला सांगितलं म्हणून. झालं. गाव आधीच रागावलं होतं, आता टेम्पोवाल्याची माणसंही बिथरली. त्या पोराचा मामा येऊन बसला. "मावशी, तुमीच त्याला वाचवला, आन् तुमीच बुडवताय?" बाई म्हणाल्या, "त्यानं जे सांगितलं ते मी सांगितलं. त्याला मारू दिलं नाही, तसं त्याच्यासाठी खोटंही बोलणार नाही."

त्यानंतर टेम्पोवाल्याच्या माणसांतला एक मोटारसायकलवाला रोज संध्याकाळी त्यांच्या दारासमोर गाडी उभी करून बसायला लागला. बोलायचा काही नाही. नुसता बघायचा. बाईंनी दाराला आतून ट्रंक लावायला सुरुवात केली. गावातल्या बायांनी शिलाई देणं बंद केलं. सासूबाईंनी मला तिथं जायची बंदी केली. मी दळणाच्या निमित्तानं चोरून जायचे. बाई वाळून गेल्या होत्या. दारावर थाप पडली की आधी हात छातीवर.

"जबाब मागं घ्या की बाई," मी एकदा म्हणाले. "आसं भीत भीत किती दिवस जगणार?"

"रोज तेच मागते मी प्रभूजवळ. म्हणते, ह्या कामाला दुसरं कुणी मिळालं नाही का तुला?" एवढं बोलून त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "मंदा, घाबरण्यात पाप नाही गं. घाबरून दुसऱ्याचं नुकसान केलं तर पाप."

भावजी काठी घेऊन चालायला लागले तेव्हा एक दिवस कुणाला न सांगता ते बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावले. बाईंना वाटलं, हे जाब विचारायला आले. त्या भिंतीला जाऊन चिकटल्या. भावजींनी काखेतली पिशवी पुढे केली.

"बाई, डावा पाय इंचभर आखूड झालाय. ह्या दोन पँटी एका बाजूनं कमी करून द्या."

बाई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. टेप धरून माप घेतलं, पुन्हा घेतलं, मग तिसऱ्यांदा घेतलं. डोळे पुसत पुसत खडूची खूण केली. आळीतल्या बाया आपापल्या दारातून बघत होत्या. पुढच्या आठवड्यात दोघीतिघी कापडं घेऊन आल्या, आणि मोटारसायकलवाल्याला भावजींनीच काठी टेकत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, तो पुन्हा दिसला नाही.

कोर्टाच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर भोरला गेले. एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांना उलटी झाली. तोंड धुऊन, पदर सारखा करून त्या आत गेल्या आणि जे होतं ते सांगून आल्या. त्या पोराला शिक्षा झाली. जाताना त्यानं बाईंना लांबूनच हात जोडले.

गेल्या वर्षी बाईंच्या पोटात दुखायला लागलं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शीला रजा काढून येत-जात होती. शेवटच्या दिवशी ती नाशिकहून रात्रीच्या गाडीनं निघणार होती आणि दवाखान्यात बाईंजवळ मी होते. दुपारी त्यांच्या चर्चमधली माणसं आली, गाणी म्हटली, प्रार्थना केली. त्यांच्यातली एक वयस्कर बाई मायेनं म्हणाली, "आता भ्यायचं काही कारण नाही, नाही का?" सगळे टेलरबाईंच्या मान हलवण्याची वाट बघत होते.

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या.

ती बाई ओशाळली. ते लोक गेल्यावर टेलरबाई मला म्हणाल्या, "त्यांना वाईट वाटलं असेल." मग त्यांनी माझा हात मागितला. मला त्यांची प्रार्थना येत नाही. मी नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे, शीला पोहोचायच्या आधी, त्या गेल्या.

माती देऊन आल्यावर शीला माझ्याजवळ येऊन बसली. सकाळपासून जो तो तिला सांगत होता, आई किती शांत होती, चेहऱ्यावर भयाचा लवलेश नव्हता. तिनं मला विचारलं, "मंदाकाकू, तुम्ही जवळ होतात ना? खरंच शांत होती?"

हो म्हणायला काय जात होतं? पोर दमलेली होती, आईची भेट चुकलेली होती.

"न्हाई गं," मी म्हणाले. "लई भ्याल्या होत्या. माझा हात सोडत नव्हत्या. आन् रातभर देवाला हाका मारत होत्या, हितंच थांब, हितंच थांब म्हणून."

दोन दिवसांत पहिल्यांदा शीलाचा बांध फुटला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "ही माझी आई, काकू. सकाळपासून सगळे मला दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होते."