ढकलेल तो चालवेल

गल्लीत सगळे त्यांना सातनंबर म्हणत. पोस्टमन तेच म्हणे, किराणावाला तेच म्हणे आणि बायको रागावली की तीही तेच म्हणे. खरं नाव उरलं होतं ते फक्त पेन्शनच्या कागदावर. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून काढली, पण नाव पडलं एका गाडीवरून. गाडी म्हणजे शर्यतीची जुनी कार्ट. लोखंडी नळ्यांची चौकट, चार बुटकी चाकं, सीटशेजारी मूठभर इंजिन आणि बसणाऱ्याचं बूड जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. छप्पर नाही, दार नाही, गियर नाही, लाज तर त्याहून नाही! तिच्या नाकावर पांढऱ्या गोलात काळा सातचा आकडा.

शर्यतीच्या मैदानाच्या टोकाला एक पत्र्याची शेड होती. तिथं अशा अकरा कार्ट उभ्या होत्या, कोणी पन्नाशीची, कोणी साठीची. पाच मित्रांनी त्या भंगारातून, गोदामांतून शोधून आणलेल्या. एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली होती. तिच्या सीटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालक म्हणाला, "पिल्लं निघाली की न्या." हे पाचही जण दर रविवारी कोंबडीची विचारपूस करायला जायचे. तिला नाव ठेवलं होतं 'ड्रायव्हर'.

त्या पाचांतले आता दोनच उरले होते. एक सातनंबर आणि दुसरे फूटपट्टी. फूटपट्टी म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन, खिशात कायम स्टीलची पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल. पांढरी पँट इस्त्रीची, इतकी कडक की माणूस नसला तरी ती एकटी चालत घरी जाईल. शेडमध्ये दोरी बांधलेली, दोरीवर बोर्ड: 'हात लावू नये'. वर्षातून एकदा प्रदर्शन भरे. पोरंपोरी येत, फोटो काढत आणि चहा थंड व्हायच्या आत निघून जात.

अशात मैदानाचा कारभार जुन्या मालकांच्या मुलीकडे आला. बाई बोलायला गोड, पण हिशोबाबाहेर एक शब्द नाही. दोघांना ऑफिसात बसवून म्हणाल्या, "काका, बाबांनी दिलेली शेड मी उगाच काढून घेणार नाही. पण मैदान पळणाऱ्या गाड्यांसाठी आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ट्रॅक तुमचा. तुमच्या गाड्या पळाल्या तर शेड तुमची. नाही पळाल्या तर मला तिथं विजेवरच्या कार्ट ठेवायच्यात."

बाहेर आल्यावर फूटपट्टी म्हणाले, "हमरस्त्यावरचा तो हॉटेलवाला अकराच्या अकरा घ्यायला तयार आहे. भिंतीवर टांगणार म्हणतो. निदान रोज पुसल्या तरी जातील."

"मग मलाही टांग त्यांच्या शेजारी," सातनंबर म्हणाले. "मीही पुसला जाईन."

"चिडू नकोस रे. पण पळवणार कोण?"

दुखणं नेमकं तिथंच होतं. या जुन्या कार्टला ना किल्ली, ना किक. इंजिनाची साखळी थेट मागच्या दांड्याला जोडलेली. एकानं सीटवर बसायचं, दुसऱ्यानं मागचा बंपर धरून मागची चाकं उचलायची, तशीच धावत दहा-पंधरा पावलं न्यायची आणि धाडकन खाली सोडायची. चाकं जमिनीला धरली की इंजिन फिरतं आणि पेट घेतं. थोडक्यात, ढकलणाऱ्याला गुडघे लागतात. उरले होते दोन म्हातारे, गुडघे चार आणि त्यातला एकही कामाचा नाही. नऊ वर्षं हे दोघं जगाला सांगत होते, "मूळ अवस्थेत जपायच्या आहेत, म्हणून चालवत नाही." गुडघ्यांचं त्यांनी एकमेकांनाही सांगितलं नव्हतं.

तरी सातनंबरनी मनाशी ठाम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा आवळून ते एकटेच शेडमध्ये गेले. सात नंबरच्या मागे उभे राहिले, बंपर धरला, उचलला. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला गुडघ्यानं असा आवाज केला की आधी त्यांना वाटलं, गाडीचं काही मोडलं. मग ते सिमेंटवर जे बसले ते बसलेच.

त्यांची नात तंत्रशाळेत वेल्डिंग शिकत होती. आजोबांचा विसरलेला चष्मा द्यायला ती वाट वाकडी करून आली, तर आजोबा कार्टच्या मागे फतकल मारून बसलेले.

"काय चाललंय?"

"टायर बघतोय."

"टायर तिकडे आहे, आजोबा."

मग काय लपवणार! सातनंबरनी सगळं सांगून टाकलं. नात ऐकत शेजारी बसली आणि म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. तुमच्या गाड्या बघायला तीन मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटाला काय करायचं ते कळत नाही. तुम्हाला कुठून लागलं हे वेड?"

"मी एकोणीस वर्षांचा. कारखान्यात नवा. कार्टला हात लावायची ऐपत नव्हती. कुंपणाबाहेर उभा होतो, तर एक जण ओरडला, ए उंच, ढकलतोस का? तेव्हा मैदानावर नियमच होता. ढकलेल तो पुढची फेरी चालवेल. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढकललं. घरी गेलो तर आईनं ओळखलं नाही, इतका काळा."

"मग हा नियम कुठे गेला?"

नियम कोणी रद्द केला नव्हता. त्यावर दोरी बांधली गेली होती.

त्याच दुपारी त्यांनी 'हात लावू नये'चा बोर्ड उतरवून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवलं: 'ढकलायला माणसं हवीत. ढकलेल तो चालवेल.' खाली बारीक अक्षरात: 'आमचे गुडघे गेले आहेत.'

फूटपट्टींनी बोर्ड खालपर्यंत वाचला. "हे शेवटचं वाक्य गरजेचं होतं?"

"तुझे गेले नाहीत?"

"गेलेत. पण रंगवायचं काय त्यात? आणि मूळ रंगाला कोणी ओरखडा काढला तर?"

"तर त्याच्या बाजूला तारीख घाल. तो आजचा मूळ रंग."

ठरलेल्या रविवारी नातीच्या वर्गातली वीस-बावीस पोरंपोरी आली. ट्रॅकवाल्या बाई छत्री घेऊन कडेला उभ्या. हॉटेलवालाही मापाची टेप घेऊन आलेला, कोणती भिंतीवर कुठे मावेल ते बघत. सातनंबर हेल्मेट चढवून सात नंबरमध्ये बसले, म्हणजे बसवले गेले. पाय आत घालायला दोघं लागले. नातीनं बंपर उचलला, धावली, सोडला.

कर्रर्र! चाकं फिरलीच नाहीत. नुसती घासत गेली.

पुन्हा उचलली, पुन्हा धावली. पुन्हा कर्रर्र. रबराचा वास सुटला. हॉटेलवाला आपुलकीनं म्हणाला, "जाऊ द्या काका, वय झालं तिचं." सातनंबरच्या कपाळावर घाम आला. इंजिन जाम? दरवर्षी तर त्यांनी स्वतःच्या हातानं...

आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गंज चढू नये म्हणून नऊ वर्षांपूर्वी प्लगच्या भोकातून तेल घातलं होतं. चमचाभर पुरतं. पण जीव राहवेना, म्हणून दरवर्षी आणखी थोडं.

"अरे, मी तेल घालत होतो दरवर्षी," ते पुटपुटले.

फूटपट्टी पांढरेफटक पडले. "मीसुद्धा. तुला न सांगता. तू विसरशील म्हणून."

अठरा वर्षांचं प्रेम नऊ वर्षांत ओतलं होतं दोघांनी! इंजिन गळ्यापर्यंत भरलेलं, फिरणार कुठून?

"पाना आण," सातनंबर नातीला म्हणाले. "प्लग काढ. आता ढकल. आणि बाजूला कोणी उभं राहू नका!"

शेवटचं वाक्य फूटपट्टींपर्यंत जरा उशिरा पोचलं. भोकातून तेलाची पिचकारी उडाली ती थेट इस्त्रीच्या पँटवर, गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंत. पोरं तोंड दाबून उभी. फूटपट्टींनी पँटकडे पाहिलं, खिशातली पट्टी काढली, डाग मोजला आणि म्हणाले, "पावणेदोन फूट. इंजिनात दम आहे." मग जे हसले सगळे!

प्लग पुसून बसवला. या इंजिनांना लागतं तसं एरंडेल मिसळलेलं पेट्रोल घातलं. नात धावली, तिच्याबरोबर अर्धा वर्ग ओरडत धावला. चाकं टेकली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि एकदम असा कर्कश आवाज फुटला की बाईंची छत्री हातातून पडली. निळा धूर, एरंडेलाचा वास आणि त्यात नऊ वर्षांनी ट्रॅकवर वाकलेले सातनंबर. वळणावर त्यांनी मागचं चाक मुद्दाम सरकवलं. कोणाला दाखवायला नाही. आपल्याला अजून येतं का, ते बघायला.

एक फेरी झाली आणि ते थांबले. "आणखी एक घ्या, आजोबा!" पोरं ओरडली. त्यांनी मान हलवली. "मी ढकललं नाही. नियम म्हणजे नियम." उतरायला परत दोघं लागले. सीटवर नात बसली.

पण आता तिला ढकलणार कोण? मग एका ठेंगण्या पोरीनं पाठीवरची बॅग खाली टाकली आणि बंपर धरला. तिची पाळी आली तेव्हा तिला ढकलायला आणखी एक जण पुढे आला. दुपारपर्यंत चार इंजिनांतलं तेल उपसून झालं होतं, आणि ते काम फूटपट्टी स्वतः शिकवत होते, कारण पँट तशीही गेलेली. रांगेत शेवटी हॉटेलवाला उभा दिसला. टेप खिशात. "मी ढकललं तर चालेल?" त्यानं विचारलं.

"ढकललं तर चालेल. टांगलं तर नाही."

ट्रॅकवाल्या बाई शेडपाशी आल्या. त्यांनी शेडची आपल्याकडची दुसरी किल्ली सातनंबरच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी उरलेल्या सात. त्यांच्यातही आम्ही भरपूर तेल भरून ठेवलंय."

संध्याकाळी गाड्या आत लावताना ठेंगणीनं सात नंबरचं नाक दाराच्या चौकटीला घासलं. बोटभर लांब ओरखडा. पोरगी जागच्या जागी थिजली. फूटपट्टी वाकले, डोळे बारीक करून पाहिलं, खिशातली पेन्सिल काढली आणि ओरखड्याच्या बाजूला, अगदी बारीक, सुवाच्य अक्षरात तारीख घातली.