धानाची खोली

आम्ही गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात पाच खोल्यांचं घर घेतलं, त्यातली एक खोली माझी ठरली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे घरात ही गोष्ट कुणालाच आठवेनाशी झाली.

तोवर आमचं कुटुंब गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या खेड्यात एकत्र राहत होतं. नवऱ्याचं आणि दिराचं गोंदियात खतांचं दुकान, माझी शाळाही गोंदियाची, त्यामुळे रोज सकाळी घरातून फटफट्यांची मिरवणूक निघायची. माझी एकच इच्छा होती. आतून कडी लागेल अशी एक खोली हवी, जिथे मी पेपर तपासत बसले असताना कुणी चहाची पातेली कुठे आहे हे विचारायला येणार नाही. ‘वाचायची खोली’ म्हटल्यावर सगळे हो म्हणाले. मुलांच्या अभ्यासासाठी असेल, असं त्यांना वाटलं.

घर पाहायला सासरेही आले. त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणतो. कुडव्याच्या पलीकडे तेव्हा शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर लेआउटचे बोर्ड लागले होते. बांधीतल्या चिखलात अजून धानाची खुंटं उभी, आणि बोर्डावर कारंजं, जॉगिंग ट्रॅक आणि कुठल्या तरी देशातलं गोरं कुटुंब. दलाल चिखलातून बूट सांभाळत पुढे चालला होता. “भाभीजी, प्राइम लोकेशन है. बस रोड आने दो.” रोड अजून येतोच आहे.

घर मात्र खरंच मोठं होतं. समोर दोन जाडजूड खांब, त्यांच्यावर काहीच टेकलेलं नाही. हॉलच्या छताला पीओपी आणि त्यात रंग बदलणारे दिवे. दलालाने ते लावून दाखवले, तेव्हा माझा नवरा तोंड उघडं ठेवून वर बघत राहिला. मामाजींनी वर पाहिलंच नाही. ते प्रत्येक खोलीत जाऊन कोपऱ्यात उकिडवे बसायचे, फरशीवर तळहात ठेवायचे आणि भिंतीला नाक लावायचे.

“ओल येते का?” त्यांनी विचारलं.

“नहीं दादाजी, इटालियन टाइल्स है.”

“उंदीर?”

“बिल्कुल नहीं. यहाँ सब नौकरीवाले लोग रहते हैं.”

मामाजींना हे उत्तर पटलं. नोकरीवाल्यांच्या घरी उंदराने खावं तरी काय, असा त्यांचा हिशेब असावा.

खोल्यांची वाटणी गुण्यागोविंदाने झाली. एक सासू-सासऱ्यांना, एक दीर-जावेला, एक आम्हाला, एक मुलांना आणि मागची लहान खोली मला. मी तिथे टेबल-खुर्ची ठेवली. बिल्डरने दाराला बसवलेली कडी अगदीच तकलादू होती, म्हणून बाजारातून जाड लोखंडी कडी आणून सुताराकडून बसवून घेतली. लग्नातले दागिने घेतानाही मी इतकं पारखलं नव्हतं.

वास्तूच्या दिवशी भटजी दारात उभे होते, आणि त्यांच्यामागे ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन लागली. तिच्यात वर्षभराच्या खाण्याच्या धानाचे कट्टे, म्हणजे पोती, होते. घरात धान नसताना माणसांनी आधी शिरायचं, हे मामाजींना मंजूर नव्हतं. आमच्याकडे तांदूळ कधी विकत आणत नाहीत. लागेल तसं धान मिलवर भरडून आणायचं आणि खायचं. विकत तांदूळ खाणारा माणूस मामाजींच्या लेखी भाडेकरूच, मग घर त्याच्या नावावर का असेना.

मामाजी सगळं घर हिंडले आणि माझ्या खोलीशी थांबले. कडी दोनदा लावून पाहिली.

“कडी मस्त बसवली, बाई,” ते म्हणाले. “धानाले हेच खोली बरी.”

मला रडूच आलं. पाहुण्यांना वाटलं, नव्या घराचा आनंद झाला असेल. टेबल गच्चीवर गेलं आणि माझी खोली खालपासून वरपर्यंत भरली.

मग मी एक उपाय काढला. मी भात जास्त वाढायला लागले. नवऱ्याने पुरे म्हटलं की आणखी एक वाढण पडायचं. आल्यागेल्याच्या हातात तांदळाची पिशवी द्यायची. “ताई किती मायाळू आहेत,” असं जाऊ सगळीकडे सांगत फिरली. नवऱ्याच्या पँटी दोनदा उसवून सैल केल्या. उन्हाळ्यापर्यंत दाराशी खुर्चीपुरती जागा झाली आणि पोळ्याच्या सुमारास टेबलही आत आलं. मी कडी लावून कट्ट्यांना पाठ टेकून बसायचे. धानाचा वास यायचा, आणि मला कुणी हाक मारायचं नाही. मी इतकी सुखी कधी झाले नव्हते.

दिवाळी झाली, धान कापलं गेलं आणि नव्या धानाची ट्रॉली दारात आली. मी कुणी सांगायच्या आधीच खुर्ची उचलून बाहेर आणली.

मामाजी फाटकाशी उभे होते. मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त साहेबांनी त्यांना सहज विचारलं होतं, “आप लोग चावल कौनसी दुकान से लेते हो?” मामाजी त्यानंतर दोन दिवस नीट जेवलेही नव्हते.

“कट्टे हॉलमंधी रचा,” ते हमालांना म्हणाले.

नवरा धावत आला. “बाबा, हॉलमंधी कायले? सोफा आहे तिथं. लोक काय म्हणतील?”

“लोकायनं काईतरी म्हनावं म्हनूनच त ठेवून राहिलो. मागच्या खोलीत ठेवून कोनाले दिसते?”

सोफा गच्चीवर गेला. हॉलमध्ये कट्ट्यांची थप्पी पीओपीला जाऊन भिडली. संध्याकाळी मामाजींनी स्वतः ते रंगीत दिवे लावले, पहिल्यांदाच, आणि पुढचं दार सताड उघडं ठेवून पायरीवर बसले. धान निळं झालं, मग गुलाबी. समोरचे साहेब चष्मा लावून बाहेर आले.

मी खुर्ची आत नेली आणि कडी लावली. पेपर काढलेच नाहीत. नुसती बसून राहिले.

जेवताना नवऱ्याने सवयीने ताट पुढे केलं. “भात वाढ थोडा.”

“पुरे आता,” मी म्हटलं. “पोट किती सुटलंय ते बघा.”