तळ्याकाठचं गाऱ्हाणं

माझ्या मुलीचं लग्न मी दोनच शब्दांत मोडत आणलं होतं, तेही हात जोडून.

मुलामुलीचं आपसांत ठरलं होतं. अडून बसले होते ते मुलाचे वडील, पुण्याचे साने. त्यांना पक्ष्यांचं वेड. फोनवर म्हणाले, "आधी तुमच्याकडची पाखरं दाखवा, मग बोलू."

माझ्या मामाचं गाव वालावलच्या पलीकडे. थंडीत तिथल्या तळ्यावर अडया, म्हणजे लहानशी रानबदकं, इतक्या उतरतात की पाणी शोधावं लागतं. मी पडलो चोख माणूस. सगळ्यांचे फोन बंद केले, बायकोला लाल साडी बदलायला लावली आणि शिंकायचं असेल तर गाडीतच शिंकून घे, असं बजावलं. (त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. शांततेची तयारी पूर्ण!)

तळ्यावर पोचलो तर मामा नारळ घेऊन हजर.

"मामा, नारळ कशाक?"

"भाच्या, पावणे इले, लग्नाचा काम, नि देवाक सांगूचा नाय? गाऱ्हाणा घालतंय."

"हळू घाल! पाखरं उठतील!"

"देव काय भयरो आसा? हळूच सांगतंय."

आमच्याकडे गाऱ्हाणं असं असतं: एकाने देवाला साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ओरडून होकार भरायचा. पुढे साने कॅमेरा रोखून श्वास धरून उभे. मागे मामा खरंच कुजबुजले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा लगीन जमव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

तळं हादरलं. कोण मूर्ख ओरडला म्हणून मी मागे पाहिलं. मागे फक्त मामा, तेही माझ्याकडेच बघत होते. लहानपणापासूनची सवय, गळ्याने मला विचारलंसुद्धा नाही!

अख्खा थवा उठला आणि शीळ घालत आमच्याच डोक्यावरून गेला. साने कॅमेऱ्यासकट गर्रकन वळले. जाता जाता अडयांनी त्यांच्या नव्या टोपीवर यथेच्छ आशीर्वाद दिले.

साने थंडपणे म्हणाले, "किती पक्षी असतात म्हणाला होतात?"

मी अंदाज बांधू लागलो, तेवढ्यात बायकोने मौन सोडलं. "आता मोजायला सोपं आहे. एकही नाही."

मुलीचे डोळे भरले. मी गाडीच्या किल्ल्या चाचपू लागलो.

पण मामा जागचे हलले नाहीत. "थांबा! गाऱ्हाणा अर्धा सोडूचा नसता." मग पुन्हा हात जोडून, "बा देवा म्हाराजा, आमच्या भाच्याक गळो दिलंस, आता थोडी अक्कल दी रे म्हाराजा!"

यावेळी मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कोणीच होकार भरेना. मामा वाट बघत राहिले. शेवटी सान्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि अस्सल पुणेरी उच्चारात, पोटापासून ओरडले,

"व्हय म्हाराजा!"

लग्न झालं. सान्यांच्या दिवाणखान्यात त्या दिवशीचा फोटो आहे. वर आभाळभर अडया, खाली आ वासून हात जोडलेला मी. आल्यागेल्याला ते विचारतात, "यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा पक्षी ओळखा."

अजून एकही पाहुणा चुकलेला नाही!