घरमालकिणीवरचा संशय

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत वडिलांची बदली झाली आणि आम्ही नांदेडहून सामान हलवलं, सोबत आमचा तांबडा कुत्राही. दुष्काळाचं वर्ष होतं, नळाला पाणी नव्हतं. घरमालकीण विधवा बाई, खालीच राहायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "कुत्रं असंल तर खोली देत न्हाई." आईनं कशीबशी समजूत घातली. वडिलांच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं.

उन्हाळ्यात कुत्र्यानं खाणं सोडलं. अंगणात तो पाय वर करून उभा राही, कण्हत, आणि फरशीवर लालसर थेंब पडत. एकदा बाई जिन्याखालून म्हणाली, "त्याची लघवी अडकून राहिली हाय. बघा लवकर."

वडील घरात येऊन हळू आवाजात म्हणाले, "हिला कसं कळलं? काहीतरी घातलंय हिनं."

त्या दिवसापासून तिच्या घरची वाटीभर आमटीही आम्ही घेईनासे झालो. एकदा तिनं कुत्र्यापुढे भाकरीचा तुकडा टाकला, तो वडिलांनी तपासून घ्यायला उचलून कागदात गुंडाळला आणि कुत्र्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मीही गेले.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि कुत्र्याचं पोट चाचपलं. पोट दगडासारखं टणक लागत होतं. लघवीच्या वाटेत बारीक नळी घालताना ती मध्येच अडली.

"विष नाही, मुतखडा आहे. मूत्राशयातून खाली उतरून अडकलाय," ते म्हणाले.

"माणसासारखा?" वडिलांनी विचारलं.

"हो. काय घालता याला?"

"कोरडी भाकरी. कधी खारं वरण."

"आणि पाणी?"

मीच सांगितलं, टँकर येईल तसं. दुपारपर्यंत त्याचं भांडं कोरडं पडतं, आणि तो दिवसभर बांधलेला असतो.

"नेमकं एकच कारण सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण पाणी कमी पडलं की लघवी दाट होते. त्यात बांधून ठेवलं की ती तुंबते."

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बशीत हरभऱ्याएवढे पांढरट खडे होते. त्यानंतर त्याच्या भाकरीचा पाण्यात काला होऊ लागला, वरणात मीठ बंद झालं. आमच्या वाट्याच्या पाण्यातून आधी त्याचं भांडं भरे, आणि मी त्याला दिवसातून कैक वेळा बाहेर नेई.

आईकडून बाईला सगळं कळलं होतं. एका सकाळी तिनं वडिलांना अडवलं. "माझ्या मालकाला मुतखड्याचाच तरास होता, म्हणून वळखलं. तुम्हाला वाटलं, मी विष घातलं. व्हय ना?"

वडिलांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले.

ती आईशी पूर्वीसारखीच बोलत राहिली. वडिलांशी मात्र आम्ही ते घर सोडेपर्यंत बोलली नाही.